मधली वर्षे : मराठी कलाकृतींतील दिव्यांग तरुण आणि स्वावलंबनाची पूर्वतयारी

प्रस्तावना

मराठी साहित्य, रंगभूमी आणि चित्रपट यांत अपंग व्यक्तीचे चित्रण नवे नाही. त्याविषयीची समीक्षाही बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहे. मात्र ही समीक्षा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. चित्रण सहानुभूतीचे आहे की भावविवश, हा पहिला प्रश्न. अपंगत्व हे कथानकातील प्रतीक म्हणून येते की प्रत्यक्ष अनुभव म्हणून, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्या आड एक तिसरा प्रश्न राहून गेला आहे. कलाकृतीतील अपंग मूल मोठे होते तेव्हा काय होते? शाळा संपल्यानंतर आणि उपजीविकेचे साधन हाती येण्यापूर्वी जी आठ-दहा वर्षे जातात, त्यांचे चित्रण कोठे आहे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने पाच कलाकृतींचा विचार केला आहे. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) आणि महेश लिमये दिग्दर्शित ‘येलो’ (२०१४) हे दोन मराठी चित्रपट, जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ हे नाटक, सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) हा चित्रपट आणि नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन. ‘स्पर्श’ची भाषा हिंदी असली तरी त्याची लेखिका-दिग्दर्शिका मराठी असून मराठी प्रेक्षकांच्या अपंगत्वविषयक जाणिवेत त्याला निश्चित स्थान आहे. या कलाकृतींच्या शेजारी ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हीही एक संहिता म्हणून वाचली आहे. कायदासुद्धा माणसाच्या आयुष्याविषयी एक कथन रचत असतो आणि त्या कथनातही काही भाग ठळक, तर काही पुसट असतात.

शब्दयोजनेविषयी आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ‘अपंग’, ‘विकलांग’, ‘मतिमंद’ आणि ‘दिव्यांग’ हे शब्द वेगवेगळ्या काळांत रूढ झाले. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये ‘दिव्यांग कल्याण विभाग’ या नावाने स्वतंत्र विभाग स्थापन केल्यापासून शासकीय व्यवहारात शेवटचा शब्द स्थिर झाला आहे. लेखात कलाकृतीच्या काळानुसार त्या त्या शब्दाचा उपयोग केला आहे. शब्द बदलल्याने दृष्टी आपोआप बदलते असे मानण्याचे कारण नाही, हेही पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

१. आरंभ आणि उत्कर्षबिंदू : ‘श्वास’ आणि ‘येलो’

‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मराठी चित्रपटाच्या नव्या पर्वाचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. कोकणातील परशुराम या लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि जग दाखवतात. या घटनेतील करुणा दिग्दर्शकाने अत्यंत संयमाने हाताळली आहे. चित्रपटाच्या शेवटी परशुराम होडीतून गावी परततो.

येथे चित्रपट संपतो, आणि येथेच प्रस्तुत लेखाचा प्रश्न सुरू होतो. काठावर उतरलेल्या त्या मुलाचे पुढे काय होणार? गावच्या शाळेत ब्रेल येणारा शिक्षक असेल काय? नसेल तर त्याला घर सोडून जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या अंधशाळेत जावे लागेल. मुंबईत १९०० पासून, ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेल्या शाळेपासून, अंधशिक्षणाची परंपरा आहे. त्या परंपरेने हजारो मुलांना अक्षरे दिली, हे निर्विवाद. पण अक्षरांनंतर काय, याचे उत्तर दीर्घकाळ वेतकाम, विणकाम आणि संगीत एवढ्याच उद्योगांत शोधले गेले. ‘श्वास’मधील परशुरामाला २००४ मध्ये सहा-सात वर्षांचा मानले, तर २०१६ चा कायदा संमत झाला तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा असता. म्हणजे कायद्याने दिलेल्या मोफत शालेय शिक्षणाच्या हक्काची वयोमर्यादा त्याने नेमकी तेव्हाच ओलांडलेली असती. चित्रपटाने या भविष्याचा वेध घ्यायला हवा होता, असा आक्षेप नाही. कलाकृतीला आपला शेवट निवडण्याचे स्वातंत्र्य असते. नोंद घ्यावयाची आहे ती एवढीच की, दृष्टी जाण्याचा क्षण मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात कोरला गेला. दृष्टीविना जगायला शिकण्याची वर्षे त्याच्या कल्पनेत आलीच नाहीत.

‘येलो’ दुसऱ्या टोकाला उभा आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूच्या आयुष्यावर हा चित्रपट आधारलेला असून तरुण वयातील भूमिका तिने स्वतःच केली आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीने पडद्यावर स्वतःचे प्रतिनिधित्व करणे, ही मराठी चित्रपटाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. शिवाय या चित्रपटात तयारीला जागा आहे. पाण्याशी ओळख, प्रशिक्षकाची शिस्त, आईची चिकाटी, पुन्हापुन्हा केलेला सराव हे सर्व त्यात येते. तथापि या तयारीचे गंतव्यस्थान स्पर्धा आहे. कथानकाचा उत्कर्षबिंदू यश आहे आणि ते यश प्रेक्षकाला समाधान देऊन घरी पाठवते.

पदक हे उपजीविकेचे साधन नसते. स्पर्धा संपल्यावर त्या तरुणीचा दिवस कसा जातो, ती एकटी बसने प्रवास करते काय, पैशाचा व्यवहार तिच्या हाती किती असतो, तिला कोणी कामावर घेते काय, हे प्रश्न पदकाच्या झळाळीत दिसेनासे होतात. ‘श्वास’ आरंभी थांबतो, ‘येलो’ उत्कर्षबिंदूपाशी थांबतो. दोहोंच्या मधला जो सपाट, कंटाळवाणा, चुकांनी भरलेला प्रदेश आहे, तोच बहुसंख्य दिव्यांग तरुणांचा खरा प्रदेश होय.

२. आई-वडिलांनंतर : ‘नातीगोती’

मध्यमवर्गीय नोकरदार दाम्पत्य आणि त्यांचा वयात येणारा मतिमंद मुलगा बच्चू यांच्याभोवती ‘नातीगोती’ रचलेले आहे. दळवींचे मोठेपण असे की, त्यांनी मुलाला केवळ मूल राहू दिले नाही. त्याचे शरीर वाढते, त्याच्या गरजा बदलतात आणि घरातील प्रत्येक नाते त्या वाढीमुळे ताणले जाते. वयात येणे ही घटना अपंग मुलाच्याही आयुष्यात घडते, हे मध्यमवर्गीय प्रेक्षकासमोर इतक्या रोखठोकपणे मांडणारी नाटके मराठीत फार थोडी आहेत.

असे असले तरी नाटकाची दृष्टी आई-वडिलांच्या जागेवरून पाहणारी आहे. ताण त्यांचा, अपराधभाव त्यांचा, थकवाही त्यांचाच. बच्चूला काय हवे आहे, तो काय शिकू शकतो, कोणता निर्णय तो स्वतः घेऊ शकतो, हे प्रश्न नाट्यसंघर्षाच्या केंद्रात येत नाहीत. याचे उत्तरदायित्व एकट्या नाटककारावर टाकणे अन्यायाचे ठरेल. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला ‘घर किंवा संस्था’ या दोन पर्यायांपलीकडे तिसरा पर्याय दिसत नव्हता. आपल्यामागे या मुलाचे काय, ही चिंता ज्या पालकाला पडते, त्याला प्रत्यक्षात ‘आपल्या देखत याने काय शिकावे’ हा प्रश्न विचारण्याची सवड समाजाने दिलेली नसते.

या नाटकाच्या शेजारी ‘राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९’ ठेवून पाहणे उद्बोधक आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हा कायदा झाला आणि अठरा वर्षांनंतरही पालकत्व देण्याची सोय त्याने केली. पालकांच्या चिंतेला दिलेले ते उत्तर होते, आणि ते आवश्यकही होते. पण त्यातही निर्णय करणारा दुसराच राहिला. २०१६ च्या कायद्यातील कलम १४ ने ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना आणली. विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते आणि व्यक्तीशी विचारविनिमय करून चालणारे असे पालकत्व त्यात अभिप्रेत आहे. बच्चूच्या घरात ही कल्पना गेली असती तर संघर्ष संपला नसता. परंतु त्या घरातील संवादांत बच्चूसाठी एक खुर्ची मांडावी लागली असती.

३. मदत, दया आणि स्वाभिमान : ‘स्पर्श’

‘स्पर्श’चा नायक अनिरुद्ध हा अंध असून अंधविद्यालयाचा प्राचार्य आहे. म्हणजे तो आपल्या विवेचनातील ‘मधली वर्षे’ ओलांडून आलेला, नोकरी असलेला, अधिकार असलेला प्रौढ माणूस आहे. भारतीय चित्रपटातील अंध नायकांत हे चित्रण आजही विरळा ठरावे. नसीरुद्दीन शाह यांना या भूमिकेसाठी आणि सई परांजपे यांना पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

अनिरुद्धची भूमिका स्पष्ट आहे : अंधांना मदत हवी, दया नको. आपल्या कार्यालयात पाहुणी म्हणून आलेल्या कविताने कॉफीच्या वेळी मदतीचा हात पुढे करताच तो दुखावतो. या प्रसंगाचे वाचन बहुधा स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून केले जाते. ते बरोबरही आहे, कारण न मागता केलेली मदत पुष्कळदा समोरच्याची क्षमता हिरावून घेते. तथापि चित्रपट येथे थांबत नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. पुढे अनिरुद्धचा स्वाभिमानच त्याच्या आड येऊ लागतो. कविताचे प्रेम हा तिचा त्याग तर नसेल, या संशयाने तो ठरलेला विवाह मोडतो. मदत नाकारण्याची सवय प्रेम नाकारण्यापर्यंत जाते.

‘स्वावलंबन’ या संकल्पनेची चिकित्सा येथे सुरू होते. कोणाचाही आधार न घेणे म्हणजे स्वावलंबन, अशी व्याख्या केली तर अनिरुद्ध हा तिचा आदर्श नमुना आणि तिचा बळीही ठरतो. अमेरिकेत बर्कली येथे १९७२ मध्ये एड रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्र जीवन केंद्राची स्थापना केली. त्या चळवळीने वेगळी व्याख्या पुढे आणली : कोणती कामे व्यक्ती स्वतःच्या हाताने करते यावर नव्हे, तर आपल्या आयुष्याचे निर्णय ती स्वतः करते काय यावर तिचे स्वातंत्र्य ठरते. रॉबर्ट्स यांचे मानेखालील शरीर पोलिओने जवळजवळ निकामी केले होते. कपडे घालण्यासाठीही त्यांना साहाय्यक लागे. तो साहाय्यक कोण असावा आणि त्याने केव्हा यावे, हे मात्र ते ठरवत. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगहक्कविषयक कराराच्या १९ व्या अनुच्छेदात हीच भूमिका आली आणि भारताने २००७ मध्ये त्या कराराला मान्यता दिली.

ही व्याख्या परकीय म्हणून बाजूला ठेवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात स्वावलंबी शिक्षणाचा उच्चार सर्वाधिक आग्रहाने ज्यांनी केला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. त्यापूर्वी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून वसतिगृहे उभी राहिली होती. गरीब, ग्रामीण, बहुजन विद्यार्थ्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून आधी त्याच्या डोक्यावर छप्पर, ताटात भाकरी आणि सोबतीला मुले देण्यात आली. मराठी परंपरेतील स्वावलंबन एकाकी कधीच नव्हते. ते एका आधारव्यवस्थेवर उभे होते. दिव्यांग विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र हाच समाज आधारव्यवस्थेचा विसर पडू देतो आणि जिद्दीची अपेक्षा करतो.

४. व्यवस्थेचे आत्मकथन : ‘चाकाची खुर्ची’

या पार्श्वभूमीवर नसीमा हुरजूक यांचे आत्मकथन वाचले म्हणजे त्याचे वेगळेपण लक्षात येते. १९५० मध्ये जन्मलेल्या लेखिकेचे कमरेखालील शरीर ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर निकामी झाले. पुढे शिक्षण, सीमाशुल्क व केंद्रीय उत्पादनशुल्क खात्यातील नोकरी आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ या संस्थेची स्थापना, असा हा प्रवास आहे.

मराठी वाचकाने हे पुस्तक ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून उचलून धरले. पुरस्कार, सत्कार, शालेय व्याख्याने यांतून हेच वाचन दृढ झाले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे वाचन अपुरे आहे आणि पुस्तकाच्या आशयावर काहीसा अन्यायही करते. आत्मकथनात जिद्द आहेच. पण जिद्दीपेक्षा अधिक आहे ती व्यवस्थेची बारकाईने केलेली नोंद. खुर्ची दारातून आत जाते की नाही, पायऱ्यांना उतार आहे की नाही, शरीरधर्माची सोय कशी करायची, कोणावर किती भार पडतो, हे प्रश्न लेखिका संकोच न बाळगता मांडते. पुस्तकाचे शीर्षकही एका व्यक्तीचे गुणवर्णन करत नाही. ते एका साधनाचे नाव आहे.

या आत्मकथनातील दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाबूकाका दिवाण यांची भेट. स्वतः पॅराप्लेजिक असूनही पूर्ण आयुष्य जगणाऱ्या या गृहस्थांमुळे तरुण नसीमाला आपल्या पुढील आयुष्याचे पहिले दृश्य रूप मिळाले. डॉक्टर रोगाचे निदान सांगतो, कुटुंब माया देते. परंतु अशा शरीरासह पन्नासाव्या वर्षी कसे जगतात, हे तसेच शरीर घेऊन जगणारा माणूसच सांगू शकतो. स्वावलंबनाच्या पूर्वतयारीत समान अनुभव असलेल्या ज्येष्ठाचे स्थान किती मोलाचे असते, याचा हा मराठी साहित्यातील ठळक दाखला होय. ‘श्वास’मधील परशुरामाला, ‘नातीगोती’तील बच्चूला असा ज्येष्ठ लाभलेला नाही.

तिसरी गोष्ट संस्थेची. उचगाव येथील वसतिगृह, शाळा आणि प्रशिक्षण, त्यापुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मोरे येथील ‘स्वप्ननगरी’ व तेथील काजूप्रक्रिया उद्योग, हा क्रम पाहिला तर त्यात निवास, शिक्षण आणि रोजगार या तीन टप्प्यांची साखळी दिसते. शाहू महाराजांच्या नगरीत वसतिगृहाची कल्पना शतकाच्या अखेरीस अशा रीतीने पुन्हा उगवावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

तथापि चिकित्सेची दिशा येथेही सोडता कामा नये. संस्थेने निर्माण केलेला रोजगार संस्थेच्या आवारात राहतो. बाहेरच्या खुल्या बाजारात, सर्वांच्या बरोबरीने, दिव्यांग तरुणाला स्थान मिळावे हे उद्दिष्ट त्याने पूर्णतः साध्य होत नाही. शिवाय आत्मकथनाचा मुख्य अनुभव शारीरिक अपंगत्वाचा आहे. चाकाची खुर्ची, उतार आणि रुंद दार मिळाले की या अनुभवातील अनेक अडथळे दूर होतात. बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या तरुणाच्या बाबतीत ‘उतार’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर या पुस्तकात शोधता येणार नाही. ते उत्तर सोप्या भाषेतील सूचना, ठरलेला दिनक्रम, कामाच्या ठिकाणी सुरुवातीचे काही महिने सोबत राहणारा मार्गदर्शक अशा गोष्टींत असते. अशा तरुणाचे स्वतःच्या शब्दांतील आत्मकथन मराठीला अद्याप हवे आहे.

५. कायद्याच्या संहितेतील तीच पोकळी

‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी त्यात एकवीस प्रकारांचा समावेश झाला. या संहितेतील आयुष्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. कलम ३१ नुसार किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्चशिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सवलत आहे. कलम ३४ नुसार शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आरक्षण आहे.

शाळा, महाविद्यालयाचे दार आणि नोकरी हे तीन बिंदू कायद्याने निश्चित केले. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जायचे कसे, याविषयीची भाषा मात्र बदलते. व्यवसायप्रशिक्षण व स्वयंरोजगार यांसंबंधीचे कलम १९ शासनाने योजना व कार्यक्रम आखावेत असे सांगते. शिक्षण हा हक्क ठरतो, तयारी ही योजना ठरते. हक्काचा भंग झाला तर दाद मागता येते. योजनेचे मात्र निधी, मुदत आणि अधिकाऱ्याची बदली यांवर भवितव्य अवलंबून असते. अमेरिकेतील विशेष शिक्षणाच्या कायद्यात विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या व्यक्तिगत शिक्षण-आराखड्यात पुढील शिक्षण, रोजगार आणि आवश्यक तेथे स्वतंत्र राहणीमान यांची उद्दिष्टे लिहिणे बंधनकारक आहे. तेथील अंमलबजावणी निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. पण मधल्या वर्षांना तेथील संहितेत स्वतःचे नाव आहे, हा फरक नजरेआड करता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. या सर्वांना शासकीय नोकरी मिळणे अशक्य आहे, हे सांगण्यासाठी गणिताची आवश्यकता नाही. म्हणून आरक्षणाइतकेच पूर्वतयारीला महत्त्व येते.

न्यायालयांनी अलीकडे या पोकळीत काही पावले टाकली आहेत. २०२१ मध्ये लेखणीच्या गोळ्याचा विकार असलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीशी बांधता येणार नाही, असे स्पष्ट केले. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले. वाचादोषाची टक्केवारी मर्यादेपेक्षा अधिक असल्याने त्याला वैद्यकीय प्रवेश नाकारण्यात आला होता. केवळ टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो काय याची तपासणी व्हावी, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि प्रवेश मान्य केला. दोन्ही निर्णयांतील सूत्र एकच आहे. व्यक्तीचे मोजमाप तिच्या उणिवेच्या आकड्याने न करता तिच्या क्षमतेने आणि तिला लागणाऱ्या सोयीने करावे.

६. महाविद्यालयाचे स्थान

मधल्या वर्षांचा मोठा भाग महाविद्यालयात जातो. त्यामुळे हे विवेचन अध्यापकांच्या दाराशी येऊन थांबणे अपरिहार्य आहे. दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनी अनेक महाविद्यालयांत यशस्वी दिव्यांग व्यक्तीचे व्याख्यान आयोजित केले जाते. श्रोते भारावतात. दुसऱ्या दिवशी त्याच महाविद्यालयातील दृष्टिहीन विद्यार्थी ग्रंथालयात संदर्भपुस्तकाची वाचनीय प्रत मिळावी म्हणून थांबलेला असतो. प्रेरणादायी कथनाचा हा धोका आहे. एका व्यक्तीने जिद्दीने मार्ग काढला, हे पुनःपुन्हा सांगितल्याने मार्ग तयार करण्याची संस्थेची जबाबदारी हलकी होते.

येथे काही गोष्टी महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील कामांची यादी बहुधा बाग, ग्रंथालय आणि कार्यालय यांपुरती असते. ती दिव्यांग विद्यार्थ्याला करता येतील अशा कामांच्या दृष्टीने पुन्हा लिहिता येते. दूरध्वनीवरील चौकशीकक्ष, ध्वनिपुस्तकांचे संपादन, नोंदींचे संगणकीकरण ही त्याची उदाहरणे होत. पहिल्या पगाराचा, वेळेवर येण्याचा आणि वरिष्ठाशी बोलण्याचा अनुभव पदवीपूर्वीच मिळणे, हे दिव्यांग तरुणाच्या बाबतीत विशेष मोलाचे असते. कारण सुटीत दुकानात काम करण्याची जी संधी इतर मुलांना सहज मिळते, ती त्याला बहुधा नाकारली गेलेली असते. २००६ पासून विकसित होत आलेले एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. तेव्हा संगणकप्रयोगशाळेतील एका तरी यंत्रावर ते नसण्याचे कारण आर्थिक असू शकत नाही. माजी दिव्यांग विद्यार्थ्यांची नोंद ठेवली तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला स्वतःचा ‘बाबूकाका’ मिळू शकतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे निर्णय. विषय कोणता घ्यावा, लेखनिक कोण असावा, सहलीला जावे की नाही, याविषयी अध्यापक पालकांशी बोलतात. विद्यार्थी शेजारी उभा असतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला प्रथम विचारणे, त्याने चुकीचा निर्णय घेतला तर तो निभावण्याची संधी देणे, ही स्वावलंबनाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ तयारी होय. इतर विद्यार्थ्यांना चुकण्याचा अधिकार न मागता मिळतो. दिव्यांग विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र संरक्षण येते.

वाङ्मयाच्या अध्यापकांचे उत्तरदायित्व आणखी एक आहे. ‘चाकाची खुर्ची’ शिकवताना ‘लेखिकेच्या जिद्दीचे वर्णन करा’ असा प्रश्न विचारला जातो तोवर विद्यार्थी पुस्तकातील व्यवस्था पाहणार नाही. त्याऐवजी लेखिकेच्या मार्गात कोणते अडथळे माणसांनी निर्माण केलेले होते आणि त्यांपैकी कोणते आपल्या महाविद्यालयात आजही आहेत, असा प्रश्न विचारला, तर साहित्याचे अध्यापन आणि संस्थेचे आत्मपरीक्षण एकाच तासात घडू शकेल.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. दिव्यांग व्यक्तीचे बालपणातील दुःख आणि प्रौढपणातील विजय यांचे समर्थ चित्रण मराठी कलाकृतींनी केले आहे. मात्र दोहोंना जोडणारी वर्षे बहुतांशी कथनाबाहेर राहिली आहेत. कायद्याच्या संहितेतही शिक्षण व आरक्षण हे हक्काच्या भाषेत येतात आणि पूर्वतयारी योजनेच्या भाषेत येते. स्वावलंबनाचा अर्थ ‘कोणाचीही मदत न घेणे’ असा लावल्यामुळे व्यक्तीवर जिद्दीचा भार पडतो. ‘मदतीसह स्वतः निर्णय घेणे’ असा अर्थ लावला तर तो भार संस्था, कुटुंब आणि समाज यांच्यात विभागला जातो. ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन या दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ आहे आणि त्याचे पुनर्वाचन त्या दृष्टीने व्हावयास हवे.

मोठ्या कलाकृती मधल्या वर्षांवर क्वचितच लिहिल्या जातात, कारण त्या वर्षांत नाट्यमय असे फारसे घडत नाही. बसचा क्रमांक लक्षात ठेवणे, पगाराचे पैसे मोजून घेणे, नको असलेल्या मदतीला नम्रपणे नकार देणे आणि हवी असलेली मदत संकोच न करता मागणे, एवढेच त्यांत घडते. परशुरामाची होडी काठाला लागल्यानंतरचे आयुष्य अशाच गोष्टींचे बनलेले असणार. त्या आयुष्याची तयारी जेथे व्हावयाची त्या शाळा-महाविद्यालयांत ती होते किंवा होत नाही, यावर त्याची गोष्ट पुढे कशी जाईल हे अवलंबून आहे.